वॉर्डात कुठली भाषा बोलायची

आनेकल तालुक्यातल्या आमच्या रुग्णालयात नव्या सिस्टर रुजू झाल्या की पहिल्या दिवशी त्यांच्याशी बोलायचं काम माझ्याकडे असतं. गणवेश, नखं, मोबाइल, ओव्हर (पाळी संपताना रुग्णांची माहिती पुढच्या सिस्टरला) देण्याची पद्धत, डॉक्टरांनी फोनवर सांगितलेली ऑर्डर परत वाचून दाखवणं, नातेवाइकांकडून काही न घेणं, असं सगळं त्यात येतं. या बोलण्यात पूर्वी एक वाक्य मी फार ठासून सांगत असे: ड्यूटीवर आपापली भाषा बोलायची नाही, इंग्रजी बोला, नाहीतर रुग्णाची भाषा बोला. ते वाक्य मी आता सांगत नाही. बोलायचं कसं, याबद्दल मात्र पूर्वीपेक्षा जास्त वेळ घेते. हा बदल हळूहळू झाला आणि तो सगळ्यांना पटलेला नाही. आमच्याच काही जुन्या इन्चार्ज सिस्टर माझ्यावर नाराज आहेत. त्यांना समोरासमोर सांगताना माझी गाडी दरवेळी अर्ध्यावर अडते, म्हणून लिहून काढते आहे.

मी खानापूर तालुक्यातली. घरात मराठी, कचेरीत कन्नड, बाजारात जसं गिऱ्हाईक तसं. सीमाभागात वाढलेल्या माणसाला भाषेची धग कुणी समजावून सांगावी लागत नाही. दुकानाच्या पाटीवरून, शाळेच्या माध्यमावरून, जमिनीच्या उताऱ्यावरून तिथे पिढ्यान् पिढ्या वाद चालले आहेत. म्हणूनच मी तरुणपणी ठरवून टाकलं होतं की कामाच्या ठिकाणी हे लोढणं गळ्यात नको. शिक्षण मिरजेला झालं. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तिथे मिशन हॉस्पिटल उभारलं, तेव्हापासून ते दवाखान्यांचं गाव. अथणी, चिकोडी, विजापूर इथून माणसं तिकडे उपचाराला येतात, त्यामुळे वॉर्डात निम्मी कुजबुज कन्नडमध्येच. तिथल्या जुन्या सिस्टर दोन्ही भाषा सहज बोलत. एका खाटेशी मराठी, पुढच्या खाटेशी कन्नड, आणि मधे कागदावर इंग्रजी. मला ते तेव्हा गावंढळ वाटायचं. मोठ्या शहरातल्या मोठ्या रुग्णालयात असं चालत नसेल, अशी माझी समजूत होती.

बेंगळुरूला आल्यावर ती समजूत आणखी पक्की झाली. इंग्रजीत बोलणाऱ्या सिस्टरचं डॉक्टर थांबून ऐकतात, नातेवाईक तिला 'मॅडम' म्हणतात, आणि अडखळणारीला 'ए सिस्टर' म्हणून हाक मारतात, हे मी रोज पाहत होते. आपल्या पेशाला मान मिळायचा तर आधी आपलं बोलणं सुधारलं पाहिजे, असं मला मनापासून वाटे. त्याला सुरक्षिततेचंही कारण होतं. ज्या ओव्हरमध्ये एकीचं दुसरीला कळलं आणि तिसरीला कळलं नाही, त्या ओव्हरमधून औषध चुकू शकतं. एक वॉर्ड, एक भाषा. हा नियम मी काही कुणाच्या दबावाखाली सांगत नव्हते. तो माझा स्वतःचा होता आणि मला त्याचा अभिमान होता.

आनेकलला हा नियम जितका सोयीचा वाटतो तितका क्वचितच कुठे वाटत असेल. बेंगळुरूच्या दक्षिणेकडचा हा टोकाचा तालुका. अत्तिबेलेचा नाका ओलांडला की तमिळनाडू, होसूर. जुन्या गावात रेशमाचे माग, आणि बोम्मसंद्र, जिगणी, अत्तिबेले या पट्ट्यात कारखाने. गावातली माणसं कन्नड बोलतात, अनेक घरांत तेलुगू, सरहद्दीकडे तमिळ, आणि कारखान्यांच्या खोल्यांमधून ओडिया, हिंदी, असमिया. त्यात बोम्मसंद्राला डॉ. देवी शेट्टींनी २०००-०१ मध्ये नारायण हृदयालय उभारलं. ते आधी कोलकात्याच्या बी. एम. बिर्ला हार्ट रिसर्च सेंटरमध्ये होते, त्यामुळे बंगालची माणसं त्यांच्यामागोमाग इकडे येऊ लागली, पुढे बांगलादेशाहूनही. आता होसूर रोडच्या त्या भागात लॉजवर बंगाली पाट्या आहेत, खानावळीत माशाचा रस्सा-भात मिळतो. १० ऑगस्ट २०२५ ला मेट्रोची यलो लाइन बोम्मसंद्रापर्यंत आली, तेव्हापासून हातात रिपोर्टांची पिशवी घेतलेली माणसं स्टेशनाबाहेर रस्ता विचारताना दिसतात. ती कुठल्या भाषेत विचारतील याचा नेम नाही. आणि या सगळ्यांची सेवा करणाऱ्या मुली केरळच्या, मणिपूरच्या, बंगालच्या, उत्तर कर्नाटकाच्या. अशा ठिकाणी 'सगळ्यांनी इंग्रजी बोला' हा तोडगा कुणालाही सुचेल.

माझ्या मनाला पहिला धक्का दिल्लीहून बसला. ५ जून २०२१ ला दिल्लीच्या जी. बी. पंत रुग्णालयात एक परिपत्रक निघालं: सिस्टर ड्यूटीवर मलयाळम बोलतात अशी तक्रार आली आहे, बहुतेक रुग्णांना आणि सहकाऱ्यांना ती भाषा येत नाही, तेव्हा फक्त हिंदी आणि इंग्रजी बोला, नाहीतर कारवाई होईल. देशभर गदारोळ झाला आणि दुसऱ्याच दिवशी ते मागे घेतलं गेलं. कोविडची दुसरी लाट जेमतेम ओसरत होती. पीपीई किटमध्ये तासन् तास उभ्या राहिलेल्या मुलींना मिळालेलं ते पत्र होतं. ती वेळ मला खटकली, पण मजकूर खटकला नाही. माझ्याच वाक्याला सरकारी शिक्का मिळाल्यासारखं मला वाटलं, आणि तसं मी ड्यूटी रूममध्ये बोलून दाखवलं.

तिथे आमच्याकडची एक मलयाळी सिस्टर होती, वयाने माझ्याहून मोठी. धाकट्या मुली तिला चेची, म्हणजे ताई, म्हणतात, मीही म्हणते. ती चिडली नाही. तिने एवढंच विचारलं, "राऊंडला डॉक्टर आपापसात इंग्रजी बोलतात, तेव्हा खाटेवरच्या माणसाला त्यातलं किती कळतं? त्यावर कुणी परिपत्रक काढलंय का?"

मला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून मी राऊंडला रुग्णाच्या चेहऱ्याकडे पाहायला लागले. पाच-सात जण खाटेभोवती उभे. फाइल हातोहात फिरते. इंग्रजीत आकडे, औषधांची नावं, 'लेट्स वेट अँड वॉच'. खाटेवरची अत्तिबेलेकडची आजी एकाच्या तोंडाकडून दुसऱ्याच्या तोंडाकडे बघते आहे. कुणी हसलं की तीही जरा हसते, कुणी मान हलवली की तिचा चेहरा पडतो. सगळे पुढे सरकले की ती माझा हात धरते, आणि मी तिला कन्नडमध्ये दोन वाक्यांत सांगते की उद्या नळी काढणार आहेत. तिच्या लेखी मलयाळम आणि इंग्रजी यांत काही फरक नव्हता. तिला परक्या भाषेत बोललं गेलं म्हणून आम्ही मलयाळी मुलींना दटावत होतो, आणि तेच इंग्रजीत झालं की त्याला शिस्त म्हणत होतो.

फ्लॉरेन्स नाइटिंगेलचं 'नोट्स ऑन नर्सिंग' हे १८५९ चं पुस्तक आम्ही विद्यार्थिदशेत परीक्षेपुरतं वाचलेलं. चेचीच्या त्या प्रश्नानंतर ते पुन्हा काढून वाचलं. त्यात आवाजाबद्दल एक प्रकरण आहे. रुग्णाच्या खोलीत किंवा दाराशी हलक्या आवाजात बोलणं ही क्रूर गोष्ट आहे, कारण आपल्याबद्दलच चाललंय असं वाटून तो कान ताणत राहतो, असं बाईंनी त्यात बजावलं आहे. भाषेचा तिथे उल्लेख नाही. पण आमच्या वॉर्डात न कळणारी भाषा मोठ्याने बोलली तरी रुग्णापर्यंत ती कुजबुजच होऊन पोचते. मग ती भाषा कुठलीही असो, आणि बोलणारी सिस्टर असो की विभागप्रमुख.

इथपर्यंत मला एवढंच पटलं होतं की माझा नियम अपुरा आहे. तो काही ठिकाणी घातकही आहे, हे पटायला एक ओव्हर पाहावी लागली.

झडप बदललेला एक बंगाली रुग्ण होता, ऑपरेशनला काही दिवस झालेले, आयसीयूतून वॉर्डात आलेला. सकाळची ओव्हर चालू होती. नाइटची मुलगी केरळची, सकाळी येणारीही केरळची. मी शेजारी उभी, म्हणून दोघी अगदी नियमाने इंग्रजीत. नाव, ऑपरेशन, ड्रिप, तापमान, बीपी, पल्स जरा वाढलेली, युरिन आउटपुट इतकं, 'पेशंट स्टेबल, नो कम्प्लेंट्स'. सही झाली. मी पुढच्या खाटेकडे वळले. मागे त्या दोघींचं मलयाळममध्ये हलकंसं काहीतरी बोलणं झालं, आणि सकाळची मुलगी पुन्हा त्या खाटेशी गेली. तिने पांघरूण वर करून त्याच्या पावलांना हात लावला, मग हाताची बोटं चाचपली, मग घड्याळाकडे बघत श्वास मोजायला लागली. मी परत येऊन विचारलं, काय सांगितलं तिने? ती आधी घाबरली, मलयाळम बोलली म्हणून. मग म्हणाली की नाइटची म्हणते, पहाटेपासून हा माणूस 'हा' नाही. रोज बायकोची चौकशी करतो, आज तोंड फिरवून पडलाय, उशी सारखी बदलून मागतो, पावलं गार आहेत, आणि लघवी कागदावर ठीक दिसते ती रात्रीच्या सुरुवातीची आहे, शेवटच्या दोन तासांत फारशी नाही.

डॉक्टरांना बोलावलं. इको झाली. हृदयाभोवती द्रव साचू लागला होता. तो वेळेत काढला गेला आणि पुढे तो माणूस बरा होऊन घरी गेला.

त्या नाइटच्या मुलीने काही लपवलं नव्हतं. तिला दिसलं होतं, खटकलं होतं, आणि ते सांगायची तिची धडपडही होती. पण माझ्यासमोर, इंग्रजीत, तिच्याजवळ फक्त आकडे सांगण्याइतकी भाषा होती. 'तो आज तो नाही' हे इंग्रजीत कसं म्हणायचं ते तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. नर्सिंगच्या अभ्यासक्रमात ते नसतं. ती म्हणायला गेली असती तर वाक्य मोडलं असतं, आणि मोडलेल्या वाक्याला आमच्याकडे काय किंमत मिळते ते तिला ठाऊक होतं. म्हणून तिने नियमाची ओव्हर मला दिली आणि खरी ओव्हर मैत्रिणीला दिली. सकाळची मुलगी जर मणिपूरची असती, तर ती दुसरी ओव्हर झालीच नसती.

मी हे एका डॉक्टरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले की मग त्यांचं इंग्रजी सुधारा, उपाय सरळ आहे. सुधारायला हवं, यात वाद नाही. परदेशी जायच्या ओढीने यातल्या कितीतरी मुली ओईटी, आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षांच्या नाहीतर जर्मन भाषेच्या क्लासला रात्रपाळी करून जातात. त्यांना शिकायचा कंटाळा आहे असं कुणी म्हणू नये. पण इंग्रजी सुधारेपर्यंत रुग्ण थांबणार नाही. आणि तुम्ही-मी कितीही इंग्रजी शिकलो तरी पहाटे चार वाजता जीव खाणारी शंका आईच्या भाषेतच मनात येते. ती इंग्रजीत उतरवताना तिच्यातला निम्मा जोर जातो. तीस-पस्तीस वर्षं इंग्रजीत काम करून माझंही तेच होतं.

तेव्हापासून आमच्या वॉर्डात ओव्हरचे दोन भाग आहेत. पहिला भाग ठरलेल्या क्रमाने, इंग्रजीत, सगळ्यांना ऐकू जाईल असा. यासाठी अमेरिकी नौदलाच्या पाणबुड्यांवरून रुग्णालयांत आलेली एसबीएआर ही पद्धत आहेच: आत्ता काय झालंय, आधीचं काय, मला काय वाटतं, काय करावं. दुसऱ्या भागात ओव्हर घेणारीने एकच प्रश्न विचारायचा: या माणसाबद्दल तुला काय खटकतंय? याचं उत्तर सुचेल त्या भाषेत द्यायचं. ऐकणारीला ती भाषा येत नसेल तर जिला येते तिला हाक मारायची. मग जे सांगितलं ते दोघींनी मिळून नोट्समध्ये लिहायचं, जमेल तशा इंग्रजीत. व्याकरणावरून कुणी हसायचं नाही. हा शेवटचा नियम पाळून घेणं सगळ्यात कठीण गेलं. हसणाऱ्यांत डॉक्टरही होते, आणि त्यांना तोंडावर सांगायला मला बळ गोळा करावं लागलं.

आता दुसरी बाजू. ती मी कधीच सोडलेली नाही आणि सोडणार नाही. मणिपूरची एक मुलगी आमच्याकडे होती, हातात कमालीची सफाई, शीर सापडत नसलेल्या म्हाताऱ्यांना तिचीच आठवण व्हायची. ती जेवायला कायम एकटी बसे. मी विचारलं तर म्हणाली, "मॅडम, त्या त्यांच्या भाषेत बोलतात त्याचं मला काही नाही. मीही फोनवर आईशी माझ्याच भाषेत बोलते. पण मी डबा घेऊन बसले तरी त्या बदलत नाहीत, त्याचं वाईट वाटतं." माझ्या सगळ्या परिपत्रकी नियमात हे नव्हतं. चौघी एका भाषेत बोलत असताना पाचवी आली की तिला कळेल त्या भाषेवर यायचं, निदान ती आल्याचं तिच्या लक्षात येईल असं काहीतरी करायचं. घरी पाहुणा आला की आपण आवाज बदलतो, विषय बदलतो. कामाच्या जागी सोबतिणीसाठी तेवढंही करायला नको? नव्या मुलींना हे सांगताना मी कारवाईची भीती घालत नाही. कुणी ऐकलं नाही तर तिला बाजूला घेऊन त्या मणिपुरी मुलीची गोष्ट सांगते. बहुतेक वेळा तेवढं पुरतं.

आणि रुग्णाच्या खाटेपाशी तर सूट नाहीच. तिथे दोन सिस्टर त्याच्या अंगावरून हात फिरवत त्याला न कळणाऱ्या भाषेत गप्पा मारत असतील तर मी आजही रागावते. फक्त आता इंग्रजीतल्या गप्पांवरही तितकीच रागावते. ड्रेसिंग करताना आधी त्याला सांगा, मग एकमेकींना सांगा. सांगण्याइतकी भाषा येत नसेल तर हाताने दाखवा, पण त्याला वगळून त्याच्या अंगाला हात लावू नका. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्णहक्कांच्या सनदेतही रुग्णाला समजेल अशा भाषेत माहिती देण्याचं बंधन आहे. ते बंधन सिस्टरच्या भाषेवर नाही, रुग्णाच्या समजण्यावर आहे. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

इतर देशांतही हा गोंधळ झालेला आहे. कॅलिफोर्नियातल्या डेलानो रीजनल मेडिकल सेंटरमध्ये इंग्रजीच बोलायचं म्हणून फिलिपिनो कर्मचाऱ्यांनाच तेवढं वेगळं बोलावून दटावलं गेलं, इतर भाषा बोलणाऱ्यांना कुणी विचारलं नाही. प्रकरण न्यायालयात गेलं आणि २०१२ मध्ये ९ लाख ७५ हजार डॉलरवर तडजोड झाली. ब्रिटनच्या नर्सिंग अँड मिडवायफरी कौन्सिलच्या आचारसंहितेत मात्र दोन्ही गोष्टी शेजारी शेजारी आहेत: सिस्टरला इंग्रजीत स्पष्ट संवाद साधता आला पाहिजे, आणि समोरच्या माणसाची भाषेची गरज भागवण्यासाठी तिने शक्य ते केलं पाहिजे. आपण पहिली गोष्ट तेवढी उचलली.

माझी भाषा इथे किती कामाला येईल असं मला कधी वाटलं नव्हतं. सांगलीकडचा एक गडी, जिगणीच्या कारखान्यात कामाला, हाताला जखम होऊन आला. अँटिबायोटिक सुरू करायचं होतं. ड्यूटीवरच्या मुलीने हिंदीत विचारलं, कुठल्या औषधाची अ‍ॅलर्जी? तो म्हणाला, नाही. कागदावर 'निल' लिहिलं गेलं. मी नाव वाचलं आणि सहज मराठीत विचारलं, कुठल्या गावचे? त्याचा चेहराच उजळला. "ताई, तुम्ही आपल्याकडच्या काय?" मग बोलता बोलता मी विचारलं की कधी इंजेक्शन घेतल्यावर अंगावर गांध्या उठल्या होत्या का, श्वास कोंडला होता का. "उठल्या होत्या की! मागं गावात सुई दिली तेव्हा तोंड सुजलं होतं, डॉक्टरांनी चिठ्ठी दिलीय, खोलीवर आहे." चिठ्ठी मागवली. जे औषध द्यायचं ठरलं होतं त्याच गटातलं नाव त्यावर होतं. हिंदीत विचारणाऱ्या मुलीने तिचं काम चोख केलं होतं, आणि त्यानेही खोटं सांगितलं नव्हतं. प्रश्नच त्याच्यापर्यंत पोचला नव्हता.

त्यानंतर आम्ही प्रश्नच बदलले. 'अ‍ॅलर्जी आहे का' असं कुठल्याच भाषेत विचारायचं नाही. औषध घेतल्यावर काय काय होऊ शकतं ते एकेक करून विचारायचं. नर्सिंग स्टेशनवर एक तक्ता लावला आहे. त्यात रोजचे प्रश्न कन्नड, तेलुगू, तमिळ, बंगाली, हिंदी आणि मलयाळममध्ये, इंग्रजी अक्षरांत लिहिले आहेत. पहिला तक्ता केला तेव्हा एक अडचण लगेच उघडी पडली. मुलीने पाठ केलेला बंगाली प्रश्न इतका सफाईने विचारला की रुग्णाच्या बायकोने आनंदाने पाच मिनिटं बंगालीत उत्तर दिलं, आणि मुलीला त्यातलं अक्षर कळलं नाही. म्हणून आता तक्त्यात फक्त तेच प्रश्न आहेत ज्यांचं उत्तर बोटाने, मानेने किंवा हाताने देता येतं. कुठे दुखतं ते दाखवा. किती दुखतं ते बोटांवर दाखवा. कालच्यापेक्षा जास्त की कमी. लघवी झाली का. काही खाल्लं का. त्यापलीकडचं काही असेल तर दुभाषी बोलवायचा.

दुभाषी म्हणजे कोण, यावरही माझं मत बदललं. पूर्वी घरचं माणूस हजर असलं की मी निश्चिंत व्हायची. डॉ. ग्लेन फ्लोरेस यांचा २००३ चा 'पीडिअ‍ॅट्रिक्स'मधला अभ्यास वाचला आणि निश्चिंती गेली. बालरुग्णांच्या १३ भेटींत मिळून भाषांतराच्या ३९६ चुका सापडल्या. त्यांतल्या ६३ टक्के चुकांचा उपचारावर परिणाम होऊ शकत होता, आणि रुग्णालयाच्या दुभाष्यांपेक्षा घरच्या किंवा आयत्या वेळी पकडलेल्या माणसांच्या चुकांत हे प्रमाण बरंच जास्त होतं. आपल्याकडे तर शाळेत जाणारी नात आजीच्या गर्भाशयाच्या ऑपरेशनचं सांगत असते, आणि आजी तिच्यापुढे निम्मं बोलतच नाही. लहान मुलाला दुभाषी करायचं नाही, हा नियम मी आता तितक्याच ठासून सांगते जितक्या ठासून पूर्वी इंग्रजीचा सांगत होते.

जुन्या इन्चार्ज सिस्टरांची एक शंका रास्त आहे. सूट दिली की तिचा गैरफायदा घेतला जाईल, मुली भाषावार टोळ्या करतील, ड्यूटीचं वेळापत्रकही तसंच मागतील. काही अंशी तसं झालंही. एकीने मला येऊन सांगितलं की नाइटला आम्हाला आमच्याच मुली द्या, ओव्हर सोपी जाते. मी नाही म्हटलं. नाइटला मुद्दाम मिसळून लावते, कारण एका भाषेची नाइट असली की दुसऱ्या भाषेचा रुग्ण रात्रभर मुका होतो. यावर कुरबूर चालू आहे आणि चालू राहील. ती ऐकून घेणं हा माझ्या कामाचा भाग आहे.

कन्नडबद्दल मात्र मी कुणाचंच ऐकत नाही. आनेकलमध्ये नोकरी करायची तर कन्नड शिकावं लागेल, मग मुलगी कोट्टयमची असो, इंफाळची असो की माझ्यासारखी सीमेवरची. आमच्याकडचं कन्नड आणि इकडचं कन्नड यांतही अंतर आहे; मला इथल्या आजीबाई पहिल्या वर्षी हसायच्या. हे सांगताना सीमाभागातल्या माणसाच्या मनात काय काय येतं ते मला माहीत आहे. पण खाटेवरचा माणूस शेजारच्या राज्याशी चाललेला दावा सोबत घेऊन आलेला नसतो. त्याला पाणी हवं असतं, बेडपॅन हवं असतं, आणि आपण मरणार तर नाही ना हे कुणीतरी सांगायला हवं असतं.

मी व्यवस्थापनाकडे दोन गोष्टी मागितल्या आहेत. एक, ओव्हरचा वेळ ड्यूटीत धरा. पाळी संपल्यावर बस पकडायच्या घाईत दिलेल्या ओव्हरमध्ये दुसरा भाग गळतो, आणि गळतो तो नेमका खटकणारा. दोन, कन्नडचा तास ड्यूटीच्या वेळेत ठेवा. तो तास सध्या दुपारी अर्धा-पाऊण तास चालतो आणि आमच्या वॉर्डातली सफाईवाली अक्का तो घेते. ती आनेकल गावातली, मागावरच्या घरातली. कन्नड, तेलुगू आणि तमिळ तिन्ही तिला येतात. तिने मुलींना पुस्तकी कन्नड शिकवलं नाही. म्हातारं माणूस लाजून लघवीचं कसं आडून सांगतं, बाईमाणूस पाळीचं कसं सांगतं, 'बरं आहे' म्हणताना आवाज कसा असला की ते बरं नसतं, हे ती करून दाखवते आणि मुली वहीत उतरवून घेतात. पहिल्या मागणीवर अजून उत्तर आलेलं नाही. दुसरी मान्य झाली आहे, पण अक्काला त्या तासाचे वेगळे पैसे द्यायला हिशेबखातं तयार नाही, कारण तिच्या हुद्द्यात शिकवणं बसत नाही. तिचा हुद्दा बदला नाहीतर मानधनाचं वेगळं शीर्षक काढा, असं मी गेल्या आठवड्यात पुन्हा लिहून दिलं आहे.